चिनी शाईतला कळव्याचा पूल

चरई, ठाणे
६ जानेवारी २०२६

चि. सौ. प्रीतीस अनेक आशीर्वाद.

तू आणि उर्वी, दोघी मायलेकी ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारलं तर "हो आई, सगळं बरं" यापलीकडे तू काही सांगत नाहीस. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टर म्हणाले जिने चढू नका. त्यांना म्हटलं, मग लिफ्ट तुम्ही बसवून द्या.

तुझ्या वकिलांचं पाकीट मिळालं. टेबलावर ठेवलंय. सध्या मला त्यासाठी अजिबात वेळ नाही, आणि त्याला कारण आहे.

तलावपाळीच्या मागे ते छोटं संग्रहालय आहे ना, दोन-तीन खोल्या आणि एक जिना, ज्याला आपण शहराचं संग्रहालय म्हणतो, तिथे चिनी चित्रकला आणि कारागिरीचं प्रदर्शन भरतंय. निळी-पांढरी भांडी, रेशमावरचं भरतकाम, कात्रीने कापलेल्या कागदी नक्ष्या, शाईची चित्रं. मांडणी करणारी कृतिका नावाची मुलगी आहे. बोलते भराभर, पण समोरच्याचं ऐकूनही घेते, हे हल्ली दुर्मीळ. तिने एक कोपरा ठेवलाय, "ठाणेकरांच्या घरातून". खालच्या मजल्यावरच्या जॉर्जिनाने आजोबांनी बोटीवरून आणलेली कापराच्या लाकडाची पेटी दिली. शाळेत माझ्याकडून गणितं उतरवून घ्यायची, आता माझ्याआधी तिचं नाव यादीत! मग मीही गेले आणि विनीतची चित्रं दिली.

त्याने चीनमधून नळकांड्यांतून पाठवलेली ती सगळी. कंपनीने याला भट्ट्यांची यंत्रं बसवायला पाठवलं आणि हा सुट्टीच्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांपुढे बसून ब्रश धरायला शिकला. तू तेव्हा चिडायचीस. मीही चिडायचे, पण तुला सांगितलं नाही. त्यातलं कळव्याच्या पुलाचं चित्र कृतिका किती वेळ बघत उभी होती. चिनी पद्धतीचे डोंगर, अर्धा कागद धुक्याने कोरा सोडलेला, आणि त्या धुक्यातून निघालेला आपला पूल. "काकू, ही आपली खाडी?" म्हणाली. म्हटलं, "हो. फक्त वास काढून टाकलाय."

चित्राखालच्या कार्डासाठी तिने माहिती विचारली. मी सांगितली तशी तिने छापली: "विनीत कर्णिक. जन्म ठाणे. सध्या वास्तव्य चीनमध्ये."

आता पाकिटाबद्दल. उघडलंच नाही असं नाही. "सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता, सबब मृत घोषित करण्यात यावे, आणि अर्जदाराच्या सासूबाईंची यास हरकत नाही." सबब! कोणत्या शाळेत शिकतात हे वकील? तिकडचा कुठलासा पूल पुरात वाहून गेला, पाण्यात माणसं गेली, काही सापडली, काही नाही सापडली. न सापडलेल्याला मेलेला म्हणायचं, हे कुठलं तर्कशास्त्र? दिपेशरावांबद्दल मला काही म्हणायचं नाही. गृहस्थ सभ्य असतील. तू त्यांच्याशी लग्न करू इच्छितेस, तेही मला कळतं. पण त्यासाठी माझ्या सहीने माझा मुलगा मारायचा, हे मला जमणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

उद्घाटन शनिवारी, सतराला, संध्याकाळी. उर्वीला नेहमीसारखी पाठव. तूही आलीस तर बरं. संक्रांतीचं वाण तिच्याबरोबर देईन, बांगड्यांसकट. तुमच्या सोसायटीतल्या बायका काय म्हणतात ते मला सांगू नकोस. तुझा हळदीकुंकवाचा मान कोणी काढून घेतलेला नाही.

तुझी सासू,
हेमांगी कर्णिक


चरई, ठाणे
२१ जानेवारी २०२६

चि. प्रीती,

शनिवारनंतर तुझा फोन नाही. मीही केला नाही. उर्वीने तुला काय सांगितलं आणि काय गाळलं ते मला ठाऊक नाही, म्हणून झालं तसं लिहिते. फोनवर मी ओरडते आणि तू गप्प बसतेस. कागदावर निदान दोघींना आपापल्या जागी बसता येतं.

उद्घाटनाला गर्दी बरी होती. एक पुढारी आले होते. त्यांनी भाषणात "चिनी मालाची काही गॅरंटी नसते" असा विनोद केला आणि स्वतःच हसले. त्यांच्यामागे बाराव्या शतकातल्या फुलदाणीचं छायाचित्र लावलेलं. चिनी पाहुणचार म्हणून काड्या टोचलेलं मंचुरियन ठेवलं होतं. जॉर्जिना माझ्या कानात म्हणाली, "हेमा, हे तिकडच्या लोकांना दाखवू नका गं, परत युद्ध होईल." मी हसले. शनिवारी मी हसले होते, हे मुद्दाम लिहिते.

मग आमच्या कोपऱ्याकडे गेलो. कृतिकाने कलाकाराचा फोटो मागितला होता, म्हणून मी त्याचा करड्या स्वेटरमधला दिला होता, हसू फुटायच्या बेतातला. जागा नव्हती म्हणून तो समईशेजारी स्टुलावर ठेवलेला. आणि त्याला चंदनाचा हार घातलेला.

माझ्या डोळ्यांसमोर आधी काही आलंच नाही. मग आवाज फुटला.

"हे कोणी केलं?"

सखाराम म्हणून तिथला शिपाई आहे. तो पुढे आला. "मी, मॅडम. समईजवळ फोटो होता. उद्घाटनाला फोटोला हार आपण घालतोच. कपाटात संस्थापकांचा होता, तो काढला."

"जिवंत माणसाला चंदनाचा हार घालतात का तुमच्यात?"

"नाही, मॅडम. मला वाटलं, असतील गेलेले."

मी हार ओढला. दोरा तुटला, चंदनाच्या त्या कुरळ्या फुलांचा सडा जमिनीवर पडला. आणि मी, जिला वाचनालयात कोणी मोठ्याने बोललेलं खपत नाही, ती सगळ्यांसमोर ओरडले, "माझा मुलगा जिवंत आहे! खाली कार्ड लावलंय, ते वाचता येत नाही का?"

पुढाऱ्यांच्या हातातली मंचुरियनची काडी अर्ध्यावर थांबली. कृतिका रडवेली झाली. बिचारी माझा हात धरून म्हणाली, "काकू, सॉरी, खरंच सॉरी. आपण एक करू या. समारोपाच्या दिवशी विनीतसरांना व्हिडिओ कॉलवर घेऊ या, मोठ्या पडद्यावर. ते स्वतःच चित्रांबद्दल बोलतील."

टाळ्या पडल्या, प्रीती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बँकेत ऑडिटरला एका वाक्यात घरी पाठवणारी मी, तोंड उघडं ठेवून उभी. तेव्हा मागून उर्वीचा आवाज आला.

"नाही होणार, ताई. बाबा असतो तिथे नेटवर्क नसतं."

"अगं, मग संध्याकाळी, ते शहरात आले की?"

"संध्याकाळी तिकडे झोपायची वेळ होते. ते लोक आपल्या पुढे असतात ना."

"आणि चित्रं कधी काढतात गं बाबा?" कोणीतरी कौतुकाने विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी," ती म्हणाली, आणि सरबताचा ग्लास तोंडाला लावला.

डोळ्याची पापणी हलली नाही तिची. इतकं सराईत खोटं मी कर्ज मागायला आलेल्यांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही. आम्हांला कॉन्व्हेंटात खोटं बोललं की वर्गाबाहेर उभं करत. मी कधी उभी राहिले नाही, त्याचा मला आजवर केवढा तोरा होता!

आम्ही तलावाच्या कडेने घरी निघालो. जॉर्जिनाला मी पुढे जायला सांगितलं. मग मी विचारलं, "नेटवर्कचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच बनवलं."

"का?"

"तू काही बोलतच नव्हतीस. सगळे बघत होते."

"उर्वी, बाळा, तुला ठाऊक आहे ना, तुझा बाबा..." पुढचा शब्द मला येईना.

तिने माझ्या पर्सचा पट्टा धरला. गर्दीत हरवू नये म्हणून लहान असताना धरायची तसा. "आजी, तुझ्या घरी बाबा चीनमध्ये असतो. मला माहितीये. आईने सांगितलंय, आजीकडे गेलं की तसंच बोलायचं."

"आणि तुमच्या घरी?"

"आमच्या घरी तो वारलाय."

अगदी सहज म्हणाली, तुमच्या डोंबिवलीत ऊन आहे आणि ठाण्यात ढग आहेत, असं सांगावं तसं. "आमच्याकडे फोटो पण आहे, हार घातलेला. तू येणार असलीस की आई कपाटात ठेवते."

"कधीपासून?"

"मी पहिलीत होते तेव्हापासून."

"तुला रडू नाही येत गं?"

"येतं. पण आमच्या घरी. तुझ्या घरी रडले तर तुला कळेल ना."

प्रीती, त्यानंतर आम्ही घरी कशा आलो ते मला आठवत नाही. वरणभात केला होता हे आठवतं, कारण तिने तूप जास्त मागितलं.

मला आधी तुझाच राग आला, हे लपवत नाही. माझ्या नातीला माझ्याशी खोटं बोलायला शिकवलं, माझ्या मुलाचा फोटो माझ्यापासून दडवला. रविवारी तुझा भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा त्याच्याशीही मी धड बोलले नाही. मग दिवसभर एकटी बसले आणि विचार केला, तू दुसरं काय करणार होतीस? या बाईसमोर त्याचं नाव भूतकाळात घेण्याची कोणाची हिंमत होती? तू घेऊन पाहिलीस एकदा, पहिल्याच वर्षी. मी ताट सारून उठले होते.

तुझे सासरे गेले तेव्हा मी त्यांच्या कपाळाला हात लावला होता. थंड होतं. ते मला कळलं. तेराव्या दिवशी त्यांच्या फोटोला हार मीच घातला, खिळाही मीच ठोकला. विनीतचं माझ्या हाताला काय लागलं? कंपनीचा एक टाइप केलेला कागद. त्या कागदापेक्षा मला त्याची चित्रं जास्त खरी वाटली. त्यांत त्याच्या हाताचा दाब आहे. कुठे ब्रश जोरात टेकवलाय, कुठे उचललाय, ते बोट फिरवलं की दिसतं. असा हात असलेला माणूस नाही असं मी कशी म्हणू, एवढंच माझं म्हणणं होतं. तुझ्यावर सूड उगवत होते असं तुला वाटलं असेल. थोडासा असेलही. तुला पुढे जाता येत होतं आणि मला येत नव्हतं.

पण त्या पोरीने सात वर्षांतली निम्मी माझ्या घरात बाप जिवंत ठेवण्यात घालवली. सुट्टीत इथे यायची, खेळायची, आणि माझ्यासाठी पहारा द्यायची.

काल संग्रहालयात गेले. सखाराम तिकीट-खिडकीमागे बसून हार पुन्हा ओवत होता. त्याची माफी मागितली. माफी मागायला आम्हांला सिस्टरांनी उत्तम शिकवलं होतं, वापरायची वेळ मी फारशी येऊ दिली नाही. तो उभा राहिला, म्हणाला, "मॅडम, झालाच आहे. परत घालू का?"

म्हटलं, "नको. हा तुमच्या संस्थापकांचा. त्याचा मी आणते."

कृतिकाला सांगितलं, कार्डावरची शेवटची ओळ काढ. "मग काय लिहू, काकू?" मी सांगितलं. तिने एकदाही मान वर केली नाही, लिहून घेतलं, आणि मग टेबलाला वळसा घालून येऊन माझ्याशेजारी बसली. पोरगी खरंच गुणी आहे. तुला आवडेल.

आज सकाळी कोर्टनाक्यावर जाऊन नोटरीसमोर सही केली. तो म्हणाला, "आजी, वाचलंत ना सगळं?" म्हटलं, "वाचलंय. भाषा भिकार आहे, मजकूर बरोबर आहे." कागद सोबत पाठवते. तारीख पडली की कळव, मी येईन. न्यायाधीशांनी विचारलं तर तोंडानेही सांगेन. एकदा सांगितलंय, दुसऱ्यांदा जमेल.

प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे. दिपेशरावांना घेऊन ये. त्यांना पुलाचं चित्र दाखव, आणि ते कोणाचं आहे हे नीट सांग, अर्धवट नको. उर्वी त्यांच्या घरात वाढणार असेल तर त्यांना ते माहीत असायला हवं. त्यांनी मला काय म्हणावं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. "मावशी" म्हटलेलं मला आवडत नाही, एवढं सांगून ठेव.

कपाटातला फोटो बाहेर काढ आणि भिंतीवर लाव. मी येणार असले तरी तिथेच राहू दे.

उर्वी शनिवारी येईल ना? येताना तिला एक सांगून पाठव. आजीच्या घरीसुद्धा रडलं तरी चालतं. आजीला कळेल. कळू दे.

कै. विनीतची आई,
हेमांगी