बंडीत मावेल असं पिस्तूल

लेटरकेनी, १७ एप्रिल २०११

तीर्थस्वरूप बाळासाहेबमामांना उल्हासचा नमस्कार. (हात 'तीर्थरूप' लिहायला निघाला होता. ते फक्त आईवडिलांना लिहायचं असतं हे तुम्हीच मला पाचवीत शिकवलंत. पण बाबांच्या मागे दहा वर्षं मी तुमच्याच ताटाशेजारी जेवलो, तेव्हा हाताचंही फार चुकलं असं म्हणवत नाही.) तुमचा गुडघा, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि परसातलं लिंबाचं झाड यांची खुशाली सविस्तर कळवा. सविस्तर म्हणजे 'बरं आहे' या दोन शब्दांत नव्हे. इकडे आम्ही तिघंही ठीक. माधवीला सर्दी आहे, मुक्ताचा शाळेत आयरिश भाषेत पहिला नंबर आला आहे आणि माझी हॉस्पिटलातली ड्यूटी आहे तशीच आहे. पाऊस पडतो आहे. इथे ही बातमी धरत नाहीत.

तुमचं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. उत्तराला सहा आठवडे लागले, त्याबद्दल माफी मागतो, पण दोष तुमच्या यादीचा आहे. परदेशातल्या माणसाला यादी पाठवायची आपली रीतच आहे, तिला माझी ना नाही. आजवर मी परफ्यूम आणले, कॅमेरे आणले, सासरच्या दिलीपकाकांसाठी तर कमोडचं झाकण विमानात मांडीवर घेऊन आलो. पण 'ऑगस्टमध्ये तू कायमचा परत येशील तेव्हा सामानात आणायच्या वस्तू' असं ठळक अक्षरात लिहून खाली गुडघ्याचा पट्टा, बिनसाखरेची चॉकलेटं, दाढीची पाती आणि मग 'पिस्तूल, एक, छोटं, बंडीच्या आत मावेल आणि बाहेरून कळणार नाही असं' हे वाचून माधवीने चष्मा पुसला आणि यादी पुन्हा वाचली. पुढे पाचव्या नंबरवर केशर होतं. तुमचा परवाना मंजूर झाला हे वाचून अभिनंदन करावं की काय करावं, मला कळेना. कायमचं परतणाऱ्या माणसाला सामानातून एक हत्यार आणता येतं, असं तुम्हाला कचेरीतल्या कुणी सांगितलं असेल तर तो माणूस नियम जाणणारा दिसतो. माणसं जाणणारा असता तर त्याने आधी तुमच्या हाताकडे पाहिलं असतं.

तरी मामांचा शब्द म्हणून मी कामाला लागलो. इंटरनेटवर अमेरिकेतली मंडळी या विषयावर इतकं लिहितात की आपल्याकडे लोणच्यावर कुणी लिहिलं नसेल. त्यातून मला कळलं ते असं. रिव्हॉल्व्हर सरळमार्गी असतं, अडकत नाही, पण मधलं चक्र जाड असल्यामुळे कमरेला गाठ आल्यासारखं दिसतं. चपटं पिस्तूल अंगाला बसतं, पण ते तयार करायला वरचा भाग जोरात मागे ओढावा लागतो, आणि तुमच्या उजव्या अंगठ्याने गेल्या दिवाळीत चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडलं नव्हतं (मी उघडलं होतं, तुम्ही 'सैल करून ठेवलं होतं' म्हणालात). जितकं छोटं पिस्तूल तितका धक्का जास्त, तितका नेमही अवघड. मोठं घेतलं तर बंडीत मावत नाही. कमरेला लावायचं तर घट्ट पट्टा हवा, आणि तुम्ही नाडीचा पायजमा घालता. अर्ध्या किलोच्या वरचं लोखंड त्या नाडीला लटकवलंत तर चोराच्या आधी पायजमाच शरण येईल. घोट्याला बांधतात म्हणे, पण तुम्हाला चप्पल घालायला खुर्ची लागते. काखेत बांधायच्या पट्ट्याला तर पाठीमागे हात न्यावा लागतो. डॉक्टर म्हणून तुमचा एकेक सांधा तपासत मी शेवटपर्यंत आलो आणि तुमच्या अंगावर पिस्तूल ठेवायला जागा राहिली नाही.

पण नुसतं वाचून मत देणं बरं नव्हे, हीसुद्धा तुमचीच शिकवण. इथे खरं पिस्तूल मिळणं शक्य नव्हतं (ते का, पुढे सांगतो), म्हणून वजनाने आणि आकाराने जवळ जाणारी वस्तू शोधली. आमच्या वॉर्डातला मोठा स्टेपलर निघाला. एका बुधवारी सकाळी तो पँटच्या आत उजव्या बाजूला खोचला, वरून स्वेटर ओढला आणि राऊंडला निघालो. मामा, त्या दिवशी मी अकरा रोगी तपासले आणि अकरांपैकी एकाचंही बोलणं धड ऐकलं नाही. सगळा जीव त्या स्टेपलरमध्ये. दिसतोय का, सरकला का, वाकलो तर पडेल का. हात दर मिनिटाला तिकडे जायचा. समोरून कुणी भरभर आलं तर मी भिंतीकडे सरकायचो, वास्तविक येणारा माणूस जेवणाचे ट्रे घेऊन येत असायचा. दुपारी ब्रिजेट नावाची आमची वयस्कर सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली की डॉक्टर, तुमच्या खुब्यात काहीतरी गडबड आहे, मी फिजिओथेरपीत तुमचं नाव दिलंय. मी नको नको म्हणेपर्यंत तिने दोन्ही हातांनी माझी कंबर धरून सरळ केली आणि स्टेपलर जमिनीवर आपटला. तिने तो उचलून टेबलावर ठेवला आणि त्याला लाल पट्टी चिकटवली, 'वॉर्डाबाहेर नेऊ नये'. तेव्हापासून हॉस्पिटलची छोटीमोठी वस्तू हरवली की लोक आधी माझ्या स्वेटरकडे पाहतात.

हसून घ्या. पण त्या दिवशी घरी आलो तेव्हा मुक्ता धावत येऊन कमरेला बिलगली आणि मी तिला, सवयीने, हाताने थोडं दूर धरलं. तेव्हा कमरेला काहीच नव्हतं. तिने 'व्हॉट्स राँग, बाबा?' विचारलं (मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीतच). मला त्याचं फार वाईट वाटलं.

आता पिस्तूल इथे का मिळत नाही ते. मी पोलीस स्टेशनला गेलो. इथे पोलिसांना गार्ड म्हणतात, आणि स्टेशनवर सार्जंट गॅलाहर म्हणून एक उंच, सावकाश बोलणारा गृहस्थ आहे, ज्याच्या आईचं हृदय मी सांभाळतो. काउंटरवर जाऊन मी सरळ विचारलं की लपवून बाळगता येईल असं छोटं पिस्तूल घ्यायचं असेल तर अर्ज कुठे मिळतो. मामा, हा सरहद्दीचा जिल्हा आहे. वीस मैलांवर ब्रिटिशांचं राज्य सुरू होतं, आणि लपवलेल्या पिस्तुलांनी इथे एके काळी काय केलं हे प्रत्येक घराला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. रांगेत माझ्यामागे दोन बायका पासपोर्टच्या फॉर्मवर शिक्का घ्यायला उभ्या होत्या, त्या अर्ध्या मिनिटात निघून गेल्या. सार्जंटने मला आत नेलं, दार लावलं आणि किटली चढवली. नव्या पिस्तुलाला २००८ पासून जवळजवळ परवानाच मिळत नाही, आणि खिशात लपवून फिरायला तर कधीच मिळत नव्हता, हे त्याने शांतपणे सांगितलं. मग मी त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्याच्याकडेही पिस्तूल नव्हतं. सव्वीस वर्षं गार्ड आहे, त्यातली बरीचशी सरहद्दीवर, आणि रोज काठी आणि वही घेऊन कामाला जातो. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. वाटते, म्हणाला, रोज वाटायची. मग त्याने मला विचारलं, तुमच्या मामांना कुणाची भीती वाटते?

मला उत्तर येत होतं, पण ते तुमच्या पत्रातून कळलेलं नव्हतं. तुम्ही फक्त 'जानेवारीत चोरी झाली' एवढंच लिहिलंत. मामा, रागावू नका, मला शेजारच्या सरिताताईंनी फोनवर सगळं सांगितलं आहे. भरदिवसा दोन मुलं आली, तांब्यापितळेची भांडी पॉलिश करून देतो म्हणाली, तुम्ही त्यांना पडवीत बसवलंत, आधी मामींची समई दिलीत, ती चकाचक करून मिळाल्यावर कपाटातून मामींच्या पाटल्या आणून दिल्यात. मध्येच एकाला ठसका लागला म्हणून तुम्ही आत जाऊन चहा टाकलात. चहा घेऊन बाहेर आलात तेव्हा पडवीत समई तेवढी होती. सरिताताई सांगत होत्या की तुम्ही महिनाभर कुणाला बोलला नाहीत, दुपारचं दार लावून घेता, आणि दूधवाल्यालाही खिडकीतून भांडं देता.

हे मी सार्जंटला सांगितलं. मला वाटलं तो हसेल. त्याने माझा कप भरला आणि म्हणाला की त्याच्या आईकडे दोन वर्षांपूर्वी दोघं आले होते, रस्त्याचं डांबर उरलंय, स्वस्तात अंगण करून देतो म्हणून. त्यांना तिने सँडविचेस करून घातली. आगाऊ रक्कम घेऊन गेले ते गेलेच. मुलगा सार्जंट, आणि आईने त्याला चार महिने कळू दिलं नाही, कारण तिला चोरांच्या भीतीपेक्षा मुलासमोरची लाज मोठी वाटत होती. युअर मॅन इज ग्रँड, डॉक्टर, असं त्याने तुमच्याबद्दल म्हटलं. म्हणजे तुमचे मामा भले माणूस आहेत, त्यांना सांगा यात त्यांनी काही वाईट केलं नाही. मी ते सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून हे पत्र.

तेव्हा मामा, पाटल्या गेल्या त्या दिवशी तुमच्या बंडीत जगातलं उत्तमातलं उत्तम छोटं पिस्तूल असतं तरी ते तिथेच राहिलं असतं आणि तुम्ही चहात आलं घातलं असतं. मामींच्या पाटल्या होत्या, मलाही त्यांचं वाईट वाटतं, त्या हातांनी मला जेवू घातलं आहे. पण माझा एखादा रोगी असता, एकटा, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, हात थरथरणारा, दुपारची दारं लावून बसणारा, तर मी त्याच्या घरातल्यांना बोलावून सांगितलं असतं की या घरात हत्यार ठेवू नका. तुमच्या घरातला मीच आहे, म्हणून मलाच सांगावं लागतंय. परवाना कपाटात राहू द्या. विकत काही घेऊ नका, माझ्याकडूनही नाही आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही. हवं तर लोकांना परवाना दाखवा, तेवढ्यानेही बराच दरारा बसतो.

सरिताताईंना नमस्कार आणि त्यांच्या नरेशला आशीर्वाद. माधवी पायांवर डोकं ठेवते आहे. मुक्ताने स्वतःच्या हाताने 'आजोबा' लिहायचं ठरवलं होतं, ते सोबतच्या कागदावर आहे.

आपला,
उल्हास

ता. क. गुडघ्याचा पट्टा, पाती आणि चॉकलेटं वेगळ्या पार्सलने काल रवाना केली. केशर इथे स्पेनहून येतं, त्यापेक्षा तुमच्या किराणावाल्याकडचं बरं.

आणखी एक ता. क. वाचून झाल्यावर कळलं असेल की पट्टा आत्ताच का पाठवला. मामा, आम्ही ऑगस्टमध्ये येत नाही. मी इथे आणखी पाच वर्षांच्या करारावर सही केली आहे. तुमचं पत्र आलं त्याच्या चार दिवस आधी केली. तुम्ही 'कायमचा' या शब्दाखाली रेघ मारली होती, ती मी पाहिली. सहा आठवडे पिस्तुलं पाहत बसलो, कारण ती पाहत होतो तोवर हे लिहावं लागत नव्हतं. तुम्हाला फसवायचं नव्हतं. माधवीची नोकरी आहे, मुक्ताची शाळा आहे, ही कारणं खरी आहेत, पण मला इथे राहायचं आहे हेही खरं आहे आणि ते तुम्हाला सांगायला मला लाज वाटत होती.

शेवटचा ता. क. पाकिटात व्हिसाचा फॉर्म आहे, तीन महिन्यांचा. फुलीच्या खुणा केल्या आहेत तिथे सह्या करा, बाकीचं मी भरलं आहे. तुम्ही नाही म्हणाल हे गृहीत धरूनच भरलं आहे. रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करतो. जे बोलायचं ते बोला, मी मध्ये बोलणार नाही. पण उचला.