संबंधित मजकूर

३ मार्च
नवी नोकरी, नवी वही! पहिल्या पानावर ताईने लिहून दिलंय, ‘बडबडे, रोज लिहीत जा.’ माझी बॅगही तिनेच भरली. मी भरली असती तर चार्जर घरीच राहिला असता.

कंपनीचं ॲप निम्मा देश वापरतो. नव्या कायद्याप्रमाणे सरकारने सांगितलेला मजकूर तीन तासांत काढला नाही, तर कंपनीच्या ‘जबाबदार अधिकाऱ्या’ला तुरुंगवास. तो अधिकारी म्हणजे अस्मादिक! आईला हे सांगितलं, तर तिने फक्त ऑफिसात एसी आहे का ते विचारलं.

काम सोपं आहे. आदेश आला की एआय त्याच्याशी संबंधित सगळा मजकूर शोधून गठ्ठा बांधतं. मी ‘मान्य’ दाबायचं.

७ मार्च
एकेका गठ्ठ्यात चारशे नोंदी! वाचता वाचता डोळ्यांसमोर काजवे चमकले. समोर बसणारे वकीलकाका म्हणाले, पहिली आणि शेवटची उघडायची, बाकी डोळे मिटून मान्य. सगळे तसंच करतात म्हणे.

ड्रॉवरमध्ये कुणाचातरी चष्मा सापडला. माझ्या आधी कोण होतं विचारलं, तर काका म्हणाले कुणीच नाही. दारावर मात्र जुन्या पाटीच्या डिंकाचा चौकोन आहे.

१२ मार्च
ताई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वॉर्डाच्या गळक्या छताचे फोटो तिने टाकले होते. आज तिचं खातंच दिसेना. शोधलं. मंगळवारचा गठ्ठा, ‘अफवा’ या सदराखाली, नोंद दोनशे बारा. मान्यता माझी. मी पहिली आणि शेवटचीच उघडली होती. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१३ मार्च
तक्रार खातेदारानेच करायची, असा नियम. आणि अशी खातेदार नाहीच, असं उत्तर. ताईचा नंबर लागत नाही. आईला फोन केला, तर ती म्हणाली, कोण ताई? मला वाटलं, थट्टा करतेय. आई थट्टा कधीच करत नाही.

१४ मार्च
घरी जाऊन आले. आमच्या खोलीत एकच पलंग. दवाखान्यातही तिला कुणी ओळखत नाही. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, तू एकुलती एक गं माझी. मी ढसाढसा रडले. तिला कळेना कशासाठी.

१५ मार्च
नियम बाजूला ठेवून ताईच्या वतीने मीच तक्रार केली. नातं: सख्खी बहीण. काकांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. नातं लिहायचं नसतं, म्हणाले. यंत्र संबंधित तेवढं सगळं गोळा करतं.
तक्रार गेली होती.

१७ मार्च, सकाळी १०
आजचा गठ्ठा नऊला आला, एका नोंदीचा. मी.
दाबणार नाही. तुरुंगात टाका, चालेल — पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, तीन तासांनी मान्यता आपोआप.

१२
आईने फोन उचलला. राँग नंबर म्हणाली. फार गोड आवाजात.

१२.४०
काका विचारतायत, कोण हवंय आपल्याला? दारावर नुसता चौकोन —
मी माझं नाव लिहून ठेवते. ताईचंही. निदान वहीत तरी —
आठवत नाही. दोन्ही नाही.
पहिलं पान. ‘रोज लिहीत जा.’ एवढंच. त्याच्या आधी एक शब्द होता. ती मला लाडाने म्हणायची —
ती मला