पामर आत येऊ नये

३ मे
आजपासून मी हेमचंद्रकाकांच्या शेताची मॅनेजर. काका बाबांचे मित्र, रिटायर्ड सर्जन. राहतात शिकागोजवळ, शेत इथे इलिनॉयच्या मध्यावर. मी ॲरिझोनातली, चँडलरच्या चिप कंपनीतली नोकरी सोडून आले. काका म्हणाले, अंतरा, हा एक सीझन नीट काढलास तर सगळी जमीन कसायला तुझ्याकडे. नाहीतर शेजारच्या वेनला खंडाने देऊन टाकतो.
संकल्प: रोज लिहायचं. काळजी करायची नाही.

६ मे
पाऊस. पेरणी नाही. काळजी केली.
पेरणी, फवारणी, कापणी वेन त्याच्या मशिन्सनी करून देतो. बोलतो कमी. आज ट्रकमधूनच म्हणाला, पामरला आत येऊ देऊ नकोस, एकदा शिरला की निघत नाही. कोण पामर, ते विचारलं नाही. आईने मला सहावीपर्यंत घरीच शिकवलं. तिचा नियम: आधी स्वतः शोध, मग विचार. असेल कोणी जमिनी बळकावणारा. मराठीत पामर म्हणजे बिचारा. इथला तसा वाटत नाही.

११ मे
बायोसिक्युरिटी सुरू, बाहेरची रोगराई आत यायला नको. गेटवर बूट धुवायला टब, ब्रश, पाटी. प्रत्येक ड्रायव्हरला नाव विचारते. आज बियाण्याच्या ट्रकवर पामेला नावाची बाई. लायसन्स पुन्हा पुन्हा पाहिलं, मग सॉरी म्हटलं. घरी आल्यावर परत वाईट वाटलं.

२ जून
सोयाबीन पेरलं एकदाचं. लगेच पाऊस थांबला, तो थांबलाच. माती विटेसारखी. सॉइल सेन्सर म्हणतो भरपूर ओल आहे. माझा सेन्सरवर विश्वास आहे.

२० जून
ओढ्याकडच्या कोपऱ्यात माठ उगवलाय. न पेरता. सोयाबीन माना टाकतंय आणि हा तरारलेला. क्लायमेट-रेझिलिएंट म्हणतात ते हेच. रविवारी काका-काकू आले तेव्हा लसूण घालून भाजी केली. वसुधाकाकू म्हणाल्या, शिकागोत डेव्हनवरच्या देशी दुकानांत मिळतो तो मेला शिळा असतो, हा बघ कसा कोवळा. काकांनी परत वाढून घेतली. सीझन चांगला चाललाय.

२७ जून
वेनच्या फवारणीच्या मशिनला कॅमेरे आहेत. तण दिसलं तरच औषध सोडतं. ॲपमध्ये माठाच्या कोपऱ्यावर ‘फवारू नये’ अशी खूण केली. वेनने विचारलं तिथे काय आहे. म्हटलं, ट्रायल प्लॉट. खोटं नाही, आम्ही ट्राय करतोच आहोत. तरी रात्री झोप नाही.

१५ जुलै
ड्रोनच्या मॅपवर तो कोपरा लाल, म्हणजे तणाची शंका. ॲप विचारतं, हे पीक आहे का? ‘हो’ दाबलं. मशिनला शिकवावं लागतं. दुपारी आणखी काही ठिकाणी लाल. तिथेही ‘हो’. आता सिस्टिम शिकली. लाल दिसतच नाही.

९ ऑगस्ट
वेनचा फोन. पामर दिसला का? प्रामाणिकपणे सांगितलं, त्या नावाचं कोणीही गेटच्या आत आलेलं नाही. म्हणाला, ग्रेट जॉब. दिवसभर बरं वाटलं.
माठ माझ्या डोक्याच्या वर गेलाय. निबर झाला, तुरे हाताला टोचतात. काकू म्हणाल्या राहू दे, बी पडलं की पुढच्या वर्षी आपोआप येईल.

२१ सप्टेंबर
कापणीआधी शेत बघायला काका, काकू आणि वेन आले. सगळ्यांचे बूट मी स्वतः घासले.
कोपऱ्यावर पोचल्यावर वेनने टोपी काढली. मग हळू म्हणाला, "अंतरा, पामर तो हाच."
मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.
पामर ॲमरंथ. माठाच्या भाऊबंदांतलं तण. बऱ्याच औषधांना दाद देत नाही, एकेका झाडाला लाखांनी बिया. काकू म्हणाल्या, पण चवीला चांगला होता हो. काकांनी ऑपरेशन थिएटरमध्ये विचारावं तसं विचारलं, कुठवर पसरलंय? वेनने हात केला. ओढ्यापासून सुरू झालेला हात रस्त्यापर्यंत गेला.

४ ऑक्टोबर
वेन ओढ्याकडच्या अर्ध्या शेतात कापणीचं कंबाइन घालणार नाही. बी मशिनला चिकटून त्याच्या शेतात जाईल. तेवढं सोयाबीन उभंच राहणार. त्याचं बरोबर आहे.
काकांचा फोन आला. जमीन वेनला देतोय म्हणाले. रागावले नाहीत, जेवलीस का विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.
दिवसभर झाडं उपटून पिशव्यांत भरली. वेन म्हणाला, आता काय उपयोग, बी पडून गेलं. मी हो म्हटलं आणि उपटत राहिले. संध्याकाळी पुढच्या वर्षीचा प्लॅन लिहायला बसले. पहिला मुद्दा सुचला, चांगला होता. दुसरा त्याहून चांगला. तिसऱ्याला लक्षात आलं, पुढचं वर्ष वेनचं आहे.