क्षमेच्या ओळीपाशी

३ डिसेंबर, रविवार

एकटीच गेले. हे बाहेर गाडीत बसून राहिले. म्हणाले, तू जाऊन ये, मी आहे इथेच. उपासना संपून बाहेर आले तर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले. निदान एकाला तरी झोप लागतेय.

नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. वेदीवर जांभळं कापड. ते दरवर्षी मी धुते. लॉन्ड्रीत दिवसभर हॉटेलांच्या चादरी उरकल्या की शेवटी हे एक कापड हातात घ्यायचं, उलट्या बाजूनं सावकाश इस्त्री करायची — वर्षानुवर्षं माझंच काम. यंदा कोणीतरी परस्पर नेलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. इस्त्री सुलट बाजूनं फिरवलीय, सोनेरी धागा पार चपटा झालाय. उपदेशाच्या वेळी मी तेवढंच बघत बसले.

बाई पहिल्या बाकावर होत्या. शाळेतल्या बाई. अर्ध्या मंडळीला त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवली, आमच्या पोरालासुद्धा. शेजारी त्यांची लेक बसायची. ती जागा तशीच. मागचा बाकही रिकामा. वाटलं होतं, लोक फक्त माझ्यापासून लांब बसतात. तसं नाही. त्या पुढे, मी मागे, आणि दोघींच्या भोवती सारखीच मोकळी जागा.

प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर सुरू केली. 'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर', त्या क्षमेच्या ओळीपाशी आले आणि तोंड मिटलं. बाकीचे पुढे निघून गेले. आमेनलाही मी पोचले नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

एकदाच लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

नोव्हेंबरात यांचा वाढदिवस होता. दुपारचं जेवण लांबलं. हे आणि पोरगं पीत बसले होते. ग्लास मीच भरत होते. कित्येक महिन्यांनी बाप-लेक हसून बोलत होते, मला मोडवेना. अंधारायला लागलं तसा तो उठला. तो कामाला होता त्या बेकरीची व्हॅन परत नेऊन लावायची होती. उठताना पाय अडखळला. मी पाहिलं. म्हटलं, सावकाश जा. बस्, एवढंच म्हटलं आणि ताटं उचलायला वळले.

बाईंची लेक गायनाच्या तालमीहून पायी घरी निघाली होती. चर्चपुढच्या वळणावर व्हॅन तिच्यावर गेली.

पोरगं पळालं नाही. तिच्याजवळ रस्त्यावर बसून राहिलं, अॅम्ब्युलन्सही त्यानंच बोलावली. हे कोणी बोलत नाही. बोलून तरी काय? ती गेलीच.

नाही थांबलं डोक्यात फिरायचं.

९ डिसेंबर, शनिवार

वकील घरी आले होते. म्हणाले, पोलिसांनी रक्ताचा नमुना फार उशिरा घेतला, तो अहवाल कोर्टात टिकणार नाही. मग उरलं काय? आम्हा दोघांची साक्ष. जेवताना टेबलावर पाणीच होतं, असं आम्ही सांगायचं. मुलीचा कोट काळा होता, वळणावर दिवा नव्हता, ती एकदम पुढे आली, हे ते सांगतील. बोलता बोलता बिस्किट चहात बुडवत होते. तुटून पडलं ते चमच्यानं काढून खाल्लं. मग म्हणाले, आईच्या शब्दाला फार वजन असतं.

हे लगेच हो म्हणाले. मी कपबशा गोळा केल्या.

१० डिसेंबर, रविवार

प्रार्थना करायची तर मागायचं काय? खोटं पचू दे, हे? असलं मागणं ऐकवायचं तर देवाला आधी कान झाकून घ्यायला सांगावं लागेल.

१७ डिसेंबर, रविवार

दुपारी चर्चचे पाळक येऊन गेले. डगमगत्या खुर्चीवर बसले, मी दुसरी घ्या म्हणेपर्यंत तसेच तोल सावरत राहिले, गरीब बिचारे. दोन्ही घरांसाठी मंडळी एकाच प्रार्थनेत मागते, म्हणाले. मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काय वाटत असेल? आमचं नाव त्यांच्या नावाला चिकटून दर रविवारी.

देव खचलेल्यांच्या जवळ असतो, असं म्हणाले. मी विचारलं, जवळ म्हणजे कुठे? चांगला माणूस आहे, माहीत नसलेलं सांगत नाही.

ते जाताना मी कापडाचं विचारलं. खाली बघत म्हणाले, "काही बायकांना वाटलं, तुम्हाला यंदा विश्रांती द्यावी."

विश्रांती!

२४ डिसेंबर, रविवार

संध्याकाळची मेणबत्त्यांची उपासना. दिवे मालवतात, पुढच्या एका मेणबत्तीवरून शेजाऱ्यानं शेजाऱ्याची पेटवत ज्योत मागेपर्यंत आणायची. माझ्या बाकाला शेजारीच नाही. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं वळून हात लांब केला, पण त्याच्या बायकोनं कोपरानं ढोसलं की त्याचाच हात पुरला नाही, देव जाणे. ज्योत कडेनं मागे गेली. सगळं चर्च उजळलं. मी न पेटलेली मेणबत्ती धरून तारणाऱ्याच्या जन्माची गाणी म्हटली. म्हटली म्हणजे, ओठ हलवले.

बाईंनी पुस्तक उघडलं होतं. पान एकदाही उलटलं नाही.

२५ डिसेंबर, सोमवार

नाताळ. हे दिवसभर मोरीतल्या बेसिनखाली आडवे होऊन नळ दुरुस्त करत होते. एवढी वर्षं प्लंबिंग करणारा माणूस. नळ गळत नव्हता.

२७ डिसेंबर, बुधवार

तुरुंगात पहिल्यांदाच गेले. आजवर हेच जायचे, धुतलेले कपडे देऊन यायचे. मधे जाळी. जाळीपलीकडे पोरगं. केस अगदी बारीक कापलेत, कान लहानपणीसारखे पुढे आलेत. जेवतोस का विचारलं. जेवतो. थंडी वाजते का? नाही. खोटं — नखं निळी पडली होती.

मग त्यानं विचारलं, बाई चर्चला येतात का?

येतात म्हटलं.

आणि कशा आहेत, असं विचारल्यासारखं बघत राहिला. उठायच्या वेळी म्हणाला, "आई, तुला वकील काय सांगतात ते मला माहीत आहे." त्यापुढे काही नाही. कर, नको करूस, काहीच नाही. गाडीत आल्यावर यांनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, थंडी वाजत नाही म्हणाला.

६ जानेवारी, शनिवार

आज ज्ञानी माणसं ताऱ्यामागून बाळापर्यंत पोचल्याचा सण. उपदेश त्याच्यावरच. आले त्या वाटेनं ती परत गेली नाहीत, बाळाला मारायला टपलेल्या राजाला फसवून दुसऱ्या वाटेनं घरी गेली. मनात आलं, बघा, राजाला फसवणारेसुद्धा शुभवर्तमानात आहेत! आपल्याला हवं ते माणूस कुठूनही उकरून काढतं. पण तिथं बाळ वाचलं होतं. इथं एकाचं आधीच गेलंय.

घरी येऊन यांना म्हटलं, माझ्यानं नाही व्हायचं. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. टेबलावर समोर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "तुझ्या खरं बोलण्यानं ती मुलगी उठून येणार आहे का? नाही ना? मग आपलं एक तरी वाचव."

 

म्हटलं, सांगेन. पाणीच होतं म्हणून सांगेन.

यांनी डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती दिवसांनी! आणि मी त्या हाताखाली तशीच बसून राहिले, परक्या घरातल्यासारखी.

२१ जानेवारी, रविवार

चर्चला गेले नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं. सर्दी नाही. सराव करतेय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी लॉन्ड्रीत बाई आल्या.

मी काउंटरवर होते. दुसरी कोणी असती तर मागे सटकले असते. त्यांनी पिशवी ठेवली, आतून कोट काढला. काळा. पोलिसांनी आता परत दिला म्हणाल्या. एक बाही खांद्यापासून फाटलेली, अस्तर ताठ झालेलं. मी हात लावला नाही. लावायला हवा होता का? कपडा हाताळून बघणं माझं काम. पण हात उचललाच जाईना.

"डाग जाईल का?" त्यांनी विचारलं. शाळेत विचारायच्या तसंच, उत्तराची वाट बघत.

जुना झालाय, म्हटलं. फिका होईल, जायचा नाही.

"मग राहू दे." घडी घातली. कोटाची घडी घालायला वेळ लागतो, आणि त्या नीट घालत होत्या. बाह्या मागे, कॉलर सरळ. मग घडीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचे वकील सांगणार आहेत की ती एकदम पुढे आली. मला लहानपणापासून माहीत आहे ती, रस्ता ओलांडताना दोनदा बघायची. मला शिक्षेचं काही नाही. कमी होऊ दे, होऊच नये, मला त्यानं काही मिळत नाही. मला एवढंच सांगा — तो प्यायला होता का?"

मागे मशिनं चालू होती. मी म्हटलं, वकिलांनी बोलायला मनाई केलीय.

त्यांनी मान हलवली. न आलेल्या उत्तराला बाई रागवायच्या नाहीत, पोरगं सांगायचं. नुसतं पुढच्याला विचारायच्या. पिशवी उचलली आणि गेल्या.

संध्याकाळी उपासना होती. बाळ येशूला मंदिरात नेलं त्याची आठवण. मी लॉन्ड्रीतच थांबले, चादरी नसलेल्या इस्त्रीपुढे.

३ फेब्रुवारी, शनिवार

प्यायला होता. प्यायला होता. प्यायला होता. इथे लिहिता येतं.

११ फेब्रुवारी, रविवार

पाळकांशी बोलायचं ठरवून गेले. ते ओल्या पायरीवरून घसरून हात मोडून बसलेत. त्यांच्याभोवती सूप घेऊन आलेल्या बायकांची जत्रा. परत आले.

देवाशीच बोलावं म्हणून खोलीत गुडघे टेकले. गुडघे दुखले. बाकी काही झालं नाही. वर कोणी आहे असं वाटलं नाही, आणि नाही असंही वाटलं नाही. बंद दारासमोर उभं राहिल्यावर आत दिवा आहे की नाही कळत नाही, तसं.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपवासकाळ लागला. पाळकांचा उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातानं ते एका रांगेला राख लावत होते. दुसऱ्या रांगेला मदतीला बाई. वाटी हातात घेऊन उभ्या.

मी नकळत त्यांच्याच रांगेत लागले. कळलं तेव्हा पुढे दोघंच राहिले होते. दुसरी रांग हातभर अंतरावर. एक पाऊल टाकलं असतं तर झालं असतं. नाही टाकलं. का, मला सांगता यायचं नाही.

समोर गेले. मान खाली. बाई म्हणाल्या, "वर बघा." मी बघितलं. त्यांनी अंगठा राखेत बुडवला, कपाळावर उभी रेघ ओढली, मग आडवी. माती असल्याची आठवण देणारी वाक्यं त्यांनी पूर्ण म्हटली, एकही शब्द न गाळता, माझ्या डोळ्यांत बघत. पहिल्या इयत्तेतल्या पोराला समजावं असं स्वच्छ.

त्या बाईंना मी कोर्टात सांगणार आहे की तुमच्या लेकीचंच चुकलं.

नाही सांगणार.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. मग अंथरूण उचलून पोराच्या खोलीत गेले. दार लावलं नाही, उघडंच ठेवलं, म्हणजे मला तो रिकामा पलंग आणि त्यावर बसलेले हे दिसत राहावेत. आई म्हणवतेस, एवढंच म्हणाले.

म्हणवते. खरंय. त्याला जन्म दिला तो मीच, आता आत टाकणारही मीच. कोण मला क्षमा करणार? पोरगं? हे? आणि त्या क्षमेचं मी करू काय!

१९ फेब्रुवारी, सोमवार

उद्या कोर्ट.

दुपारी लॉन्ड्रीतून येताना चर्चमध्ये शिरले. आत कोणी नव्हतं, थंडगार बाक. प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली. क्षमेची ओळ आली, आणि म्हटली. मोठ्यानं. आवाज चिरकला, पण पुढे गेले, शेवटपर्यंत. मग आणखी एक वाक्य माझं स्वतःचं: उद्या खरं बोलायचं बळ दे. सगळ्या हिवाळ्यात हे एवढंच मागितलं.

हलकं वाटलं नाही. पण पाय जमिनीवर असल्यासारखे वाटले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मला बोलावलंच नाही. सुरुवातीलाच पोरगं उभं राहिलं. वकील बाही ओढत होते तरी बोलला. मी प्यायलो होतो. ती कडेनंच चालत होती, तिची काही चूक नव्हती. मग माझ्याकडे न बघता — आईनं मला दारात अडवलं होतं, किल्ली काढून घेतली होती. मी तिला ढकलून गेलो.

असं काही झालं नव्हतं.

बाहेर जिन्यावर बाई थांबल्या. माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही अडवलं होतंत," म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

मी हो म्हटलं.