भरलेली टाकी हलत नाही

नवेगाव बांध, १२ ऑगस्ट २००७

चि. राजकुमारीस डोमनलालचे अनेक आशीर्वाद.

धानाची रोवणी आटोपली, तुझी वहिनी भूमेश्वरी चिखलातून मोकळी झाली, आम्ही सुखरूप आहोत. परवा गोंदियाच्या बाजारात तुझे दीर चुन्नीलाल भेटले. तू बैठकीत माशांची चार फुटी टाकी मांडून राहिली म्हणून फार तापले होते. त्या खोलीत त्यांना मुलाला, खुमेंद्रला, मोबाईलचं दुकान टाकून द्यायचं आहे.

जावई जाऊन दीड वर्ष झालं. एकट्या बाईनं घर किती दिवस ओढायचं? बैठक त्यांना देऊन टाक आणि कायमची इकडे ये. मासेच पाहायचे तर इथं अख्खा तलाव भरला आहे, फुकट पाहा.

वहिनीचेही आशीर्वाद. उत्तराऐवजी तूच आलीस तर जास्त बरं.

तुझा भाऊ,
डोमनलाल

तिरोडा, २० ऑगस्ट २००७

ती. डोमनभाऊंस शि. सा. न. वि. वि.

भावजींनी तुम्हाला बाजारात गाठलं, पण जिची बैठक आहे तिला एका शब्दानं विचारलं नाही. मी घरात असताना शटरसाठी दाराची रुंदी मोजून गेले. हे घर आमच्या यांच्या हिश्शाला आलेलं, आता माझं आहे. टाकी मला हवी होती म्हणून आणली. लग्न होऊन आल्यापासून माझ्या एकटीच्या आवडीची या घरात आलेली ही पहिलीच वस्तू, आणि त्याचं कारण मी कुणाला देणार नाही.

आता फजिती ऐका. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून बैठकीची जमीन दाराकडे उतरती केलेली. टाकीही तिकडेच कलली. आपण धानाच्या बांधीत खोलगट बाजूला भर घालतो, तशी मी काचेच्या त्या टोकाखाली लाकडाची पाचर सारली आणि काठोकाठ पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तळाची काच तडकली आणि बैठकीचीच बांधी झाली. मासे अजून आणले नव्हते, तेवढं बरं. भावजी दारात उभे राहून हसले. म्हणाले, कायले पाहिजे होता हा ताप, खोली वाळली की सुतार पाठवतो.

मी पाणी उपसलं आणि दुसरी टाकी सांगून आले. मला समजावू नका, काही ठाऊक असेल तर तेवढं कळवा. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

आपली धाकटी,
राजकुमारी

नवेगाव बांध, २ सप्टेंबर २००७

चि. राजकुमारीस आशीर्वाद.

तुझी टाकी मला पटलेली नाही. पण तुझ्या ओल्या बैठकीकडे पाहून कुणी हसावं, हे त्याहून पटलं नाही. म्हणून गोंदियाला माशांच्या दुकानात जाऊन बसलो आणि दुकानदाराचं डोकं खाल्लं.

पाचर काचेखाली कधीच नाही. तळ सगळीकडून टेकला पाहिजे. एक टोक उचललं की बाकीची काच अधांतरी राहते आणि पाण्याचं वजन तिला मोडतं. लेव्हल करायची ती स्टँडची, पायांखालून. लोखंडी पाय रुतू नयेत म्हणून खाली दगडी लादी दे. स्टँडवर जाड प्लाय, प्लायवर थर्माकोल, मग टाकी. आणि आपण बांधी कशी पाहतो? पाणी सोडून. तसंच आधी दोन बोटं पाणी घाल, चारही कोपऱ्यांत काडीनं मोज. मग अर्धी भर आणि रात्रभर थांब.

शेतकऱ्याची पोरगी असून काचेखाली पाचर मारलीस याचं हसू मलाही आलं, पण मी आपल्या घरात बसून हसलो. जपून उचल.

डोमनलाल

तिरोडा, ७ ऑक्टोबर २००७

ती. भाऊंस शि. सा. न. वि. वि.

सगळं तुम्ही लिहिलं तसं केलं. दाराकडच्या पायांखाली जाड लादी, भिंतीकडच्यांखाली पातळ. तरी एका कोपऱ्यात पाणी थोडं जास्त निघालं, तेव्हा टाकी उतरवून त्या पायाखाली पत्र्याचा तुकडा दिला. आता टाकी भरली आहे, पाण्याची रेघ सरळ आहे आणि मासे मजेत फिरून राहिले.

परवा भावजी सुतार आणि दोन माणसं घेऊन आले. टाकी मागच्या ओसरीत नेऊ म्हणाले. मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. सांगितलं की भरलेली टाकी हलवत नाहीत, चार पोती धानाएवढं वजन आहे, उचलली की काच पिळते. रिकामी करायला माझी परवानगी लागेल, आणि ती मी देत नाही. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांनाही घेऊन या, बसायला जागा आहे. आधी सुतार निघाला, मग बाकीचे.

भाऊ, आता तुम्हालाही सांगते. मी तिकडे राहायला येणार नाही. तुमच्याकडे मला काही कमी पडणार नाही हे ठाऊक आहे. पण या घरातून मला कुणी हलवायचं नाही, मायेनंसुद्धा नाही.

वहिनींना नमस्कार. एवढं लिहूनही मला आपलीच म्हणा.

राजकुमारी

नवेगाव बांध, २८ ऑक्टोबर २००७

चि. राजकुमारीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मनाला लागलं. त्यातच चुन्नीलाल आले आणि तिला समजावा म्हणून बसले. मी चहा दिला आणि सांगितलं की घर तिचं आहे, बैठकही तिचीच, दुकानाला जागा दुसरीकडे पाहा. सांगून टाकलं, तरी आत खुपतच होतं.

ते गेल्यावर भूमेश्वरीनं विचारलं, काऊन हो, ती इथंच राहायला आली असती तर भाऊबीजेला तुम्ही कोणाच्या घरी गेले असते.

या भाऊबीजेला आम्ही दोघं तिरोड्याला तुझ्या घरी येत आहोत. ओवाळायचा पाट बैठकीतच मांड.

तुझाच,
डोमनभाऊ