उरलेलं तरवडाचं बी

देवळी, जि. वर्धा
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभी,
मंगल आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. थंडी गेली. दुपारी रोपांवर हिरवी जाळी ओढावी लागते. बाबांची आर्वीच्या एस.टी. डेपोतली ड्यूटी आता सकाळची, त्यामुळे दुपारी ते घरी असतात आणि माझ्या झाडांना नावं ठेवतात. "तरोट्याची भाजी तरी होते. हा तरवड काऊन लावतं? लोक नर्सरीत गुलाब मांगतात."

नाशिकला जाण्याआधी तू टेकडीवरून ओढणीत भरून तरवडाच्या शेंगा आणल्या होत्यास, त्याबद्दल लिहायचं आहे. टेकडीवरची ती पिवळ्या फुलांची झुडपं आता नाहीत, रस्ता रुंद झाला. तू आणलेलं बी तेवढंच राहिलं. गेल्या वर्षी त्यातलं निम्मं घाईत तसंच पेरलं, एकही उगवलं नाही.

तरवडाच्या बियांचं कवच कडक असतं, पाणी आत शिरत नाही, बी मेलेलं नसतं, नुसतं झोपलेलं असतं. हे मी बी.एस्सी.ला शिकले. पण विश्वास बसेना. म्हणून एक बी अडकित्त्याने कापून पाहिलं. आत पिवळसर, भरलेलं, निरोगी. बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा शंका आली, एक जिवंत निघालं म्हणून बाकीची कशावरून? आणखी एक कापलं. तेही चांगलं. पुढे ते रोजचंच झालं, हिवाळाभर माझं हेच चाललं होतं.

परवा बाबा मागे येऊन उभे राहिले.

"अवो, काय करून राह्यली?"

"जिवंत आहे का बघते."

"मंग? निंगालं का जितं?"

"हो."

"मंग लाव ना त्याले."

"आता कसं लावणार? कापलं ना."

ते हसले. मग बियांच्या डब्यात डोकावले, तळाशी थोडंच उरलं होतं, आणि हसायचे थांबले. "पोरीनं ओढणीभर आणलं होतं," एवढंच म्हणाले.

मी अडकित्ता ठेवून दिला. तुझी सोयरीक मोडल्यावर तू नाशिकची नोकरी धरलीस आणि मी रोज संध्याकाळी फोन करत राहिले. जेवलीस का, रडलीस का, खरं सांग. तू ठीक आहे म्हणायचीस, आणि मी पुन्हा विचारायचे. दिवाळीनंतर तू म्हणालीस, "आई, तू रोज मले फोडून पाहतं. मी ठीक आहो. आता काई दिवस फोन नको करजो." तेव्हा मला वाटलं होतं, मुलगी तुटक झाली. काळजी तुझी होती की माझ्या जिवाला स्वस्थता हवी होती, हे मी स्वतःला अजून नीट सांगू शकलेले नाही.

उरलेलं बी काल पॉलिश पेपरवर हलकेच घासलं आणि रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी काही फुगलं होतं, ते पिशव्यांमध्ये लावलं. थोडं तसंच टणक राहिलं. एरवी मी ते पुन्हा घासलं असतं. या वेळी कुंपणाच्या कडेला मातीत टाकून आले. असं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि तरी उगवतं, असं पुस्तकात आहे. माझ्यात तेवढा धीर आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

तू रविवारी बाबांना फोन करतेस, ते मला माहीत आहे. फोन वाजला की मी आत जाते, तुला अवघड वाटू नये म्हणून. पण फार आत जात नाही, दाराआडच उभी असते. आज तू कशावरून तरी खळखळून हसलीस. फोनवरचं हसणं तिथपर्यंत ऐकू आलं. बाबांना मी काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नुसती बसले.

उत्तर लिहायला हवं असं नाही. पाकीट बंद करण्याआधी पुन्हा वाचून पाहिलं, तुला एकही प्रश्न विचारलेला नाही ना म्हणून. एक होता, तो खोडला. उजेडासमोर धरून वाचू नकोस.

तुझी,
आई