पांढरी पट्टी

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात? खोकल्याचं औषध पितोस की अजून खिडकीतून ओततोस? अक्षर कुणाचं म्हणून चष्मा पुसत बसू नकोस, मजकुराकडे बघ. सूनबाई सुखरूप आहे, मुलगी झाली. हे आधीच सांगते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील.

इथल्या दवाखान्याच्या धुलाईखोलीत मी अठ्ठावीस वर्षं काढली, तुला ठाऊकच आहे. तिथे दोन टेबलं. एकावर डॉक्टरांचे डोळे झाकायचे चष्मे आणि तोंडापुढच्या काचा. त्या औषधात बुडवायच्या, पुसायच्या, वाळवायच्या, की झालं. दुसऱ्यावर ऑपरेशनचे कापडी झगे. ते धुऊन, गाठोडं बांधून, वर चिकटपट्टी लावून वाफेच्या यंत्रात घालायचे. औषध म्हणजे जंतूंना पाहुण्यांसारखं 'आता निघा' म्हणणं. बरेच उठतात, तुझ्यासारखे चिवट बसून राहतात. वाफेतून मात्र तूसुद्धा सुटायचा नाहीस. आणि गाठोडं यंत्रातून जाऊन आलं की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. मला तेवढीच लिपी येते.

तर परवा सकाळी सूनबाईला आत नेलं. बाळाचे ठोके मंदावत होते, पोट उघडावं लागणार होतं. मी दाराशी बाकावर. तेवढ्यात नर्सबाई झग्यांचं गाठोडं घेऊन लगबगीने आल्या आणि मी पाहिलं, पट्टी कोरी. मी उठून दारात आडवी उभी राहिले. (माझं अंग बघता दारच बंद झालं म्हण.) आतून डॉक्टर खेकसले, म्हातारीला बाजूला करा. नर्सबाईंनी गाठोडं माझ्या नाकापुढे धरलं, वर वळणदार अक्षरात 'निर्जंतुक' लिहिलेलं आहे म्हणाल्या.

"लिहिलेलं तुम्ही वाचा," मी म्हटलं. "मी पट्टी वाचते. ती पांढरी आहे."

आत ठोक्यांचं यंत्र एकदा वाजायचं, मग फार वेळाने पुन्हा. माझं चुकत असेल तर हा खोळंबा माझ्याच नातवंडाच्या जिवावर, एवढंच डोक्यात. (इथे लिहिणारीचा हात थांबला. लिही म्हटलं.) नर्सबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि धावत सुटल्या. फळीवर पाच गाठोडी, चार पांढरी. पाचवं तळाशी, काळ्या रेघांचं. ते आत गेलं आणि मी बसले, बाकावर नव्हे, खाली फरशीवर.

झालं होतं असं, की धुलाईखोलीतल्या नव्या मुलीने झगेही चष्म्यांसारखे औषधात बुडवून वाळवले, गाठोडी बांधली, पट्ट्या लावल्या आणि जंतू मेले समजून वर लिहून टाकलं. वाफ राहिलीच. बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना तेल लाव.

ता. क. ती नवी मुलगी म्हणजे तुझी नात. कामावरून काढलेलं नाही, मी मोठ्या नर्सबाईंशी भांडून आले. सोमवारपासून चष्म्यांच्या टेबलावर. पण तुझ्यासमोर यायला घाबरते, म्हणून हे सगळं तिच्याच हातून लिहून घेतलं. शनिवारी घरी येईल. तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

दुसरा ता. क. बोलल्यावाचून राहवलंच नाही, तर आधी मला विचार, त्या काळ्या रेघा मला इतक्या पाठ कशा. पहिल्या वर्षी माझंही एक गाठोडं पांढरंच आत गेलं होतं. तेव्हा दारात आडवी उभी राहायला कुणी म्हातारी नव्हती.